बंद दिवसाचे पैसे

मेलबर्न,
14 जून 2025

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

सोमवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, म्हणून पिल्लू घरी होतं. मी सहज बोलून गेले की आजचेही पैसे डेकेअरला भरावे लागतात. तू म्हणालीस, "मूल गेलं नाही, दार उघडलं नाही, मग पैसे कसले?" तेवढ्यात त्याने पाण्याचा पेला उपडा केला आणि फोन ठेवावा लागला. पण तुझा प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही. त्यात आता वहिनीने तुझं पाळणाघर हाती घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे आपण दिवस घेतो. आमचे सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार. मूल आजारी पडो, आपण तिकडे येऊ, सरकारी सुट्टी लागो, दिवस आपल्या नावावर असतो आणि पैसेही आपलेच. फीचा एक वाटा सरकार सेंटरला परस्पर देतं. त्याला चाईल्ड केअर सबसिडी म्हणतात. कमी उत्पन्नाच्या घराला ती 90 टक्क्यांपर्यंत मिळते, उत्पन्न वाढेल तशी कमी होत जाते. सरकारी सुट्टीच्या दिवशीही ती मिळते, फक्त तो दिवस गैरहजेरीत धरतात. एका मुलाला वर्षाला अशा 42 गैरहजेऱ्या असतात, 1 जुलै ते 30 जून. आम्ही तुमच्याकडे पाच आठवडे राहून गेलो त्यात 15 गेल्या, थंडीतल्या सर्दीतापात आणखी गेल्या. त्यामुळे मी हल्ली जूनअखेरची वाट बघते.

दिवस निवडताना मला कोणी सांगितलं नव्हतं की इथल्या सुट्ट्या बहुतेक सोमवारी आणि शुक्रवारी येतात. या जुलै-जून वर्षातल्या बसून मोजल्या. सप्टेंबरमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार, नोव्हेंबरमध्ये घोड्यांच्या शर्यतीचा मंगळवार, जानेवारी, मार्च आणि जूनमध्ये एकेक सोमवार, शिवाय एप्रिलमधल्या तीन. एकूण आठ. हेच मंगळवार, बुधवार, गुरुवार घेतले असते तर चारच भरल्या असत्या, आणि त्यातल्याही तीन नाताळ आणि नववर्षाच्या. नवीन आलेल्या प्रत्येक आईला मी आता हे आधी सांगते.

एप्रिलचं तर ऐकच. 18 तारखेला गुड फ्रायडे, 21 ला ईस्टर मंडे, 25 ला अँझॅक डे. आठ दिवसांत आमचे चार वार आले, त्यातले तीन बंद. पिल्लू फक्त 22 ला गेलं. बिलावर चार ओळी, तीन ओळींपुढे "गैरहजर". मी ते बिल फ्रीजवर लावलं आणि येताजाता बघून चिडत होते.

चिडण्याचं कारण जुनं आहे. पहिलं वर्षभर मी कॅज्युअल होते. म्हणजे काम केलं तर पगार, सुट्टी आली तर काही नाही. कॅज्युअलला तासाला 25 टक्के जास्त देतात हे खरं, पण ते महिन्याच्या खर्चात केव्हाच जिरून जातात. सुट्टीच्या दिवशी माझी कमाई शून्य आणि डेकेअरची फी मात्र चालू. त्यात तेव्हाच्या सेंटरने डिसेंबरात दोन आठवडे आपणहून बंद ठेवलं आणि त्या सगळ्या दिवसांची फी लावली. सेंटर स्वतःहून बंद असेल तर सरकारी सुट्टी वगळता बाकीच्या दिवसांना सबसिडी मिळत नाही. त्यामुळे नेहमी आमच्या वाट्याला येते त्याच्या कितीतरी पट रक्कम एकदम गेली. करारात तसं लिहिलेलं होतं, पण आधी तोंडी कोणी बोललं नव्हतं. तेव्हा तुम्हाला कळवलं नाही, उगाच काळजी केली असती. ते मला आजही अन्यायाचं वाटतं. आम्ही ते सेंटर सोडलं.

एप्रिलअखेर माझी पगाराची स्लिप आली. आता मी कायम झालेय, त्यामुळे त्या तिन्ही सुट्ट्यांचा पूर्ण पगार त्यात होता. इथे कायम माणसाच्या कामाच्या वारी सरकारी सुट्टी आली की पगार द्यायचाच, असा कायदा आहे. स्लिप ठेवायला गेले तर समोर ते बिल. दोन्हीवर त्याच तीन तारखा! घरी बसून मी त्या दिवसांचा पगार घेतला होता आणि मनात एकदाही आलं नव्हतं की हे पैसे कसले.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या डायरेक्टरला सरळ विचारलं. तिने राग धरला नाही, खुर्ची ओढून बसवलं. पिल्लूच्या खोलीत तीन वर्षांखालची मुलं आहेत. तिथे चार मुलांमागे एक मोठं माणूस लागतंच, कायद्याने. म्हणजे आम्ही चार घरं मिळून एका बाईचा पगार चालवतो, तिची सुट्टीही. एका घराने सुट्टीचे पैसे दिले नाहीत तर ते रोजच्या फीत चढवावे लागतात, दुसरं काही होत नाही. मी तिला हेही विचारलं की इथल्या कॅज्युअल बायकांचं काय? त्यांना नाही मिळत, ती म्हणाली. त्यात काही सारवासारव केली नाही, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला. तिच्या डिसेंबरच्या बंदच्या दिवसांची फी ती घेत नाही. त्या दिवसांत शिक्षिका आपली हक्काची रजा घेतात.

आई, पिल्लूच्या खोलीतली शिक्षिका तू बघायला हवीस. पिल्लूला पाठीवर थोपटल्याशिवाय झोप येत नाही हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्याचे शब्द तिने माझ्याकडून विचारून घेऊन पलंगाशेजारच्या भिंतीवर कागद लावलाय: पाणी, झोप, आई, नको. "नको" ती आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणते. इतकी वर्षं या बायकांना फार कमी पगार मिळायचा. फी फार वाढवणार नाही असं कबूल केलेल्या सेंटरांना सरकारने गेल्या डिसेंबरात 10 टक्के पगारवाढीचे पैसे दिले, या डिसेंबरात आणखी 5 टक्के देणार आहे. तिने एका सुट्टीला बिनपगारी बसावं असं मला आता म्हणवणार नाही.

आणि मग तुझी वही आठवली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक मुलाला एक पान. मूल आलं नाही की तू लाल पेन्सिलीने फुली मारायचीस आणि महिन्याच्या शेवटी फुल्या मोजून पैसे वजा करायचीस. कोणी न सांगता. मे महिन्यात तर पानंच्या पानं लाल. मे महिन्यात तू शिवणकाम घ्यायचीस ते मला लहानपणी तुझी हौस वाटायची. खोलीचं भाडं मेमध्येही द्यावं लागत होतं, आणि जूनमध्ये तीच मुलं परत यायची तेव्हा त्यांची जागा तू राखलेली असायची. ती राखल्याचे पैसे तुला कोणी दिले नाहीत, आणि तूही मागितले नाहीस.

वहिनीला तसं करू देऊ नकोस. तिला सांग, वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यायचं: ठरलेल्या सणांच्या सुट्ट्यांचे पैसे पूर्ण, मूल आलं नाही तरी पूर्ण, मे महिन्यात जागा राखायची असेल तर निम्मे. स्वतःच्या अडचणीने तिने बंद ठेवलं तर मात्र घ्यायचे नाहीत. माझा डिसेंबर मी विसरलेले नाही. ज्या आईची रोजंदारी आहे, तिच्याशी वेगळं बोलायचं, चारचौघांत नाही. आता जी मुलं येतात त्यांच्या घरच्यांना मध्येच नियम बदलला तर राग येईल, म्हणून त्यांना दोन महिने आधी सांगायचं आणि कशासाठी तेही सांगायचं. दादा म्हणेल, मुलं जातील. एखादं जाईलही. बाकीची राहतील, कारण त्यांच्या आयांना आपलं मूल कुणाच्या मांडीवर झोपतं ते माहीत आहे.

ती वही अजून असेल तर टाकू नकोस. एका मेच्या पानाचा फोटो काढून मला पाठव.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनीला आठवण. रविवारी फोन करते, पिल्लू झोपल्यावर.

तुझी,
लेक