जिवाणू तोंड फिरवून पळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत जिवाणूंवर लेख आला, आनंद झाला. एक वाक्य मात्र खटकलं : 'अपायकारक रसायनाची चाहूल लागताच जिवाणू तोंड फिरवून पळ काढतो.' मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हाच समज मुलांच्या डोक्यातून काढताना नाकी नऊ येतात.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब, आणि त्याला सुकाणूच नाही. त्याच्या कशाभिका, म्हणजे पोहायचे शेपटीसारखे धागे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की त्यांची जुडी होते आणि तो साधारण सेकंदभर सरळ पोहतो. त्यांची फिरायची दिशा बदलली की जुडी विस्कटते, तो जागीच कोलांटतो आणि तोंड होईल तिकडे पुन्हा निघतो.

मग तो वाचतो कसा? 'आत्ता' आणि 'मघाशी' ताडून. १९७२ साली अमेरिकेत बर्कलीला मॅकनॅब आणि कोशलंड या शास्त्रज्ञांनी जिवाणूंभोवतीचं द्रावण क्षणात बदलून पाहिलं. नवं द्रावण सगळीकडे सारखंच, म्हणजे जवळ-लांब असं काही उरलंच नाही. तरी त्यांची चाल काही काळ बदलली. मला हा प्रयोग फार आवडतो. मेंदू नसलेल्या जिवाला मघाचं आठवतं! ही आठवण असते त्याच्या ग्राही प्रथिनांवर (रसायनांची चाहूल घेणाऱ्या प्रथिनांवर) सावकाश चढणाऱ्या-उतरणाऱ्या मिथाइल गटांत, म्हणजे अणूंच्या छोट्या गटांत.

निकेल, ल्युसीन किंवा इंडोल असं त्याला नकोसं रसायन वाढत गेलं की कोलांट्या लवकर येतात, कमी होत गेलं की सरळ धाव लांबते. पळून जायची वाट त्याला ठाऊक नसते. वाईट दिशेने जाणं लवकर मोडतं, चांगल्या दिशेने जाणं टिकतं, एवढ्यावर तो दूर सरकतो. (इंडोल तर ई. कोलाय स्वतःच तयार करतो. प्रात्यक्षिकात इंडोलच्या चाचणीत लाल कडं येतं ते त्याचंच.)

गवत चार दिवस भिजवलेल्या पाण्याचा थेंब आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. परवा एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "मॅडम, हा चुकतोय आणि परत बघतोय." लेखातल्या वाक्यापेक्षा तिचं म्हणणं खरं आहे.

कृपया पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, शक्यतो आकृतीसह. आमची मुलं ती कात्रणं वहीत चिकटवतात.

आपली,
एक शिक्षिका, सातारा