कच्च्या रंगांची रंगपंचमी

प्रिय चिमे,

आज वाळलेले कपडे काढताना तुझ्या आईने तुझं पांढरं झबलं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "बघा, गेला." पोटावरचा हळदीचा पंजा. रंगपंचमीला तो तूच उठवला होतास, आणि दोन-चार उन्हांत तो पार उडून गेला. तेव्हाच ठरवलं, ती सकाळ लिहून ठेवायची. तू आता कुठे नऊ महिन्यांची आहेस, तुला यातलं काही आठवणार नाही.

तुझा बाबा सुताच्या डाइंगमध्ये कामाला आहे. चादरी-टॉवेलांचं सूत आमच्याकडे रंगतं आणि मग मागावर चढतं. सोलापुरी चादर घेणारा माणूस आधी विचारतो, रंग पक्का आहे ना? त्या पक्केपणासाठी हौदात कॉस्टिक, हायड्रो अशी जहाल रसायनं लागतात, वाफ लागते. काही रंगांची लडी हौदातून निघते तेव्हा एक रंग दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत दुसराच रंग धरते. इतकी वर्षं बघतोय, तरी ते बघायला मी अजून थांबतो. पण तो रंग माणसालाही धरतो. हातमोजे घातले तरी नखांच्या कडेला राहतोच.

तू मृगात झालीस. मी पाळीवरून थेट दवाखान्यात आलो आणि तुला घ्यायला हात पुढे केले. शेजारच्या खाटेजवळच्या बाई म्हणाल्या, "अहो, आधी हात तर धुऊन या." मी धुऊनच आलो होतो. परत गेलो, साबण लावला, लिंबू चोळलं. नखांतलं निळं जाईना. त्या दिवशी मी तुला दुपट्यासकट उचललं, पण गालाला बोट लावलं नाही. पुढेही कित्येक महिने कामावरून आलो की आधी आंघोळ, मग तू. अंगाला हात लावायचा तर पालथा हात लावायचो. तुझ्या आईला ते कळत होतं. रंगपंचमीच्या आदल्या रात्री तीच म्हणाली, "उद्या डाइंग बंद आहे. उद्या तुम्हीच तिला रंग खेळवा."

गल्लीतला रंग तुला नको होता. पिशवीतल्या रंगात काय काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि तू तर हाताला लागेल ते आधी तोंडात घालतेस. म्हणजे रंग असा हवा, की तू चाटून खाल्लास तरी चिंता नको. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवलं आणि मंद आचेवर शिजवलं. थेट मागावरच्या सुताला लावतात तशी खळ झाली. पूर्ण गार झाल्यावर तीन वाट्या केल्या. एकीत चिमूटभर हळद, एकीत बीट उकडलेलं पाणी, एकीत पालक वाफवून वाटून. निळा राहिला. फडताळात निळीची बाटली होती, तिला मी हात लावला नाही.

आजीला मात्र हे पटेना. "खायच्या जिनसांशी खेळू नये रे," म्हणाली. ती बरोबरच होती. १९७२ च्या दुष्काळात मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि वाटपातल्या सुकडीवर दिवस काढलेली बाई ती. मी तिला पातेलं दाखवलं. उकडलेलं बीट कोशिंबिरीला ठेवलं होतं, फक्त पाणी घेतलं होतं. पालकाची पानं डाळीत गेली, वाटले ते देठ. मग तीच उठली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. तेल लावलेल्या अंगाला रंग बसत नाही, हे डाइंगमध्ये न जाताही तिला ठाऊक होतं.

आठ वाजता, ऊन तापायच्या आत, अंगणात कडुलिंबाखाली टॉवेलांचा मोठा खोका उसवून पसरला. तुला झबल्या-लंगोटावर बसवलं. पाण्याची बादली लांब, ओट्यावर ठेवली. इतक्या लहान लेकराजवळ भरली बादली ठेवू नये, आणि पाठ तर क्षणभरही फिरवू नये.

तू आधी नुसती बघत बसलीस. मग पिवळ्या खळीत अख्खा पंजा घातलास आणि मूठ आवळलीस. बोटांच्या फटीतून पिवळं बाहेर आलं तशी दचकलीस. मूठ उघडलीस, परत आवळलीस. असं किती वेळा केलंस देवाला ठाऊक, दर वेळी तितकीच नवलाने. मग चाटून पाहिलंस, तोंड वाकडं केलंस, पुन्हा चाटलंस. खोक्यावर फटाफटा हात मारलेस. लाल पालकात गेलं, त्याचा चिखल झाला आणि तो तू गुडघ्यांना फासलास. कडुलिंबाचं पिवळं पान पडून खळीत चिकटलं, तेही तोंडात जाणार होतं, आजीने झडप घालून काढलं. आणि मग तू रांगत माझ्याकडे आलीस, माझा हात धरून उभी राहिलीस आणि रंगलेला पंजा माझ्या गालावर ठेवलास. गार, बुळबुळीत, पाच बोटांचा.

मी माझे दोन्ही हात वाटीत बुडवले आणि तुझ्या पाठीवर ठेवले. सरळ हात, पालथे नाहीत. चिमे, तुला रंगाचा हात लावायची ती माझी पहिलीच वेळ.

मग धुलाई. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तुला आधी बेसन लावून पुसली, घमेल्यात बसवून दोन तांब्यांत आंघोळ घातली आणि ते पाणी झाडाला दिलं. आईने झबल्याला साबण लावला मात्र, पिवळा पंजा एकदम लालभडक झाला! आजीने "अगंबाई" केलं. हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होते, स्वच्छ पाण्यात खळबळली की पुन्हा पिवळी. दुसऱ्या दिवशी लंगोटातही लाली दिसली. ते बीट होतं, पण कळेपर्यंत घरात कुणाच्या जिवात जीव नव्हता.

हळद हा कच्चा रंग, उन्हात टिकत नाही. डाइंगमध्ये असा रंग निघाला तर लडी परत येते. तुझ्यासाठी मात्र मी तिन्ही रंग कच्चेच शोधले, आणि खोका उन्हात टाकला नाही, कपाटावर ठेवलाय. बीट आता तपकिरी पडलंय, पालकही काळवंडलाय. पण एका कोपऱ्यात तुझा डावा पंजा अजून कळतो, करंगळी जरा बाहेर वळलेली, माझ्यासारखी.

पुढच्या रंगपंचमीला तू चालत असशील. खोका एक पुरायचा नाही, दोन आणतो. खळ आदल्या रात्रीच शिजवून ठेवीन.

तुझा
बाबा