चपराळ्याच्या जंगलात डीजे कशाला?

मा. संपादक,
वर्धा नं वैनगंगा जिथं भेटतात नं पुढं प्राणहिता म्हणून वाहतात तिथलं गडचिरोली जिल्ह्यातलं चपराळा अभयारण्य, १९८६ पासून अभयारण्य आहे पण आपल्याकडच्या कित्येक लोकांना ताडोबाच माहीत. परवा घरच्यांना घेऊन गेलो होतो. साग, ऐन, मोह, खाली वाळलेला पाचोळा, माणूस नाही की गाडी नाही, नदीकडं उतरलं की वारा एकदम गार लागते, लयच भारी वाटलं. काठावरच्या गोट्यांत टिटवीची अंडी दिसली, घरटं वगैरे काही नाही, उघड्यावरच, मातकट रंगावर काळे ठिपके, पाय पडेपर्यंत समजतच नाही. नं तिथून थोड्याच अंतरावर एक पार्टी डीजे लावून बसलेली, थर्माकोलच्या प्लेटा नं फुटक्या बाटल्या तशाच वाळूत टाकून गेले. भाऊ, इथल्या देवळात दर्शनाला या, डबा खा, पण जंगलात स्पीकर कशाला पाहिजे? उन्हाळ्यात हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तेवढे महिने तरी गेटवरच स्पीकर नं काचेच्या बाटल्या काढून ठेवाव्या, नं परत जाताना कचऱ्याची पिशवी दाखवल्याशिवाय गाडी सोडू नये, एवढी वन विभागाला कळकळीची विनंती.
– एक वाचक, ता. चामोर्शी