बाबा, त्या पुलावर तिकीट नाही

पुणे, २० सप्टेंबर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

अमेरिकेत दादाकडे कसं चाललंय असं फोनवर विचारलं की तुम्ही दोघं "मजेत" एवढंच सांगता. दादा वेगळंच सांगतो. कुठे न्यायचं म्हटलं की बाबा आधी तिकीट विचारतात, त्याचे रुपये करतात आणि मग म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही घरी बरे." बाबा घरी म्हणजे आईही घरी. म्हणून हे पत्र. दादाला मेल करतेय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

तर बाबा, रुपये करायला वावच नाही अशी एक जागा आहे, ऑरेगन इनलेटवरचा जुना पूल. गेल्या वर्षी दादाकडे गेले होते तेव्हा मी तिथे जाऊन आले. दादाच्या घरापासून गाडीने चारेक तास, नॉर्थ कॅरोलायनाच्या पार पूर्व टोकाला. नकाशात बघा, किनाऱ्यापासून लांब समुद्रात वाळूची एक बारीक पट्टी दिसेल. आतल्या बाजूला पामलिको साउंड नावाचं खाडीसारखं अफाट पाणी, बाहेर अटलांटिक. १८४६ च्या सप्टेंबरात मोठं वादळ झालं, त्यात ही पट्टी फुटली आणि आतल्या पाण्याला समुद्राकडे तोंड मिळालं, तेच हे इनलेट. त्यातून पहिल्यांदा गेलेल्या 'ऑरेगन' जहाजाचं नाव त्याला पडलं. ते तोंड तेव्हापासून एका जागी राहिलेलं नाही. उत्तरेकडे वाळू साचत गेली, दक्षिणेचा काठ खचत गेला आणि सगळंच दक्षिणेला सरकत गेलं. पाटबंधारे खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला मी यापुढे काय सांगू!

पण पुलाचं सांगतेच. १९६३ साली इथे बॉनर पूल बांधला, तीसेक वर्षं टिकेल अशा हिशेबाने. खांबांखालची वाळू वाहून जायची, डागडुजी कायमचीच. १९९० साली वादळात गाळ काढणारं जहाज येऊन आदळलं आणि काही गाळे पाण्यात गेले. तरी दुरुस्त करून तो २०१९ पर्यंत वापरला. मग शेजारी नवा पूल बांधला, शंभर वर्षं डोळ्यांसमोर ठेवून. त्यात जहाजांसाठी एकच गाळा न ठेवता ओळीने बरेच उंच गाळे ठेवलेत. प्रवाह सरकला की जहाजांनी पुढच्या गाळ्यातून जायचं. आपला भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि दर पावसाळ्यात त्याची बातमी होते, त्या गावात बसून हे वाचायला जरा मौज वाटते.

जुना पूल पाडल्यावर त्याचं काँक्रीट माशांना आसरा व्हावा म्हणून समुद्रात टाकलं. दक्षिणेकडचा सुमारे हजार फुटांचा तुकडा मात्र लोकांना फिरायला आणि गळ टाकायला तसाच राखला. फाटक नाही, खिडकी नाही, तिकीट नाही. रस्ता होता तिथून आता चालायचं.

आई, आता तुझ्या कामाचं. मी गेले तेव्हा भरती नुकतीच उलटली होती आणि खांबांपाशी पाणी नुसतं धावत होतं. एक आजोबा कठड्याला पोट टेकून थेट खाली खांबालगत दोरी सोडून बसले होते. आमिषाला ओल्या वाळूत दडणारे बारके खेकडे. त्यांना लागला शीप्सहेड मासा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. पूल उंच, नुसत्या दोरीने ओढला तर सुटायचा, म्हणून शेजारच्या अनोळखी बाईने दोराला बांधलेलं गोल जाळं खाली सोडलं आणि दोघांनी मिळून तो वर घेतला. आजोबांनी मला त्याचं तोंड उघडून दाखवलं. आत अगदी माणसासारखे चौकोनी दात! खांबांवरचे शिंपले तो त्या दातांनी फोडून खातो. उन्हाळ्यात तिथे स्पॅनिश मॅकरेल येतो, तो आपल्या सुरमईचाच जातभाई. गणेश पेठेतली तुझी नेहमीची मासेवाली ऐकून खूश होईल. चपटा फ्लाउंडर बघितलास तर तू त्याला लेपच म्हणशील.

एकाने चांगला दणदणीत रेड ड्रम मासा काढला, मोजायच्या पट्टीवर ठेवला आणि परत पाण्यात सोडून दिला. १८ ते २७ इंचांतलाच ठेवायचा, तोही दिवसाला माणशी एक, असा तिथे नियम. कोणी बघायला नव्हतं तरी सोडला, हे मला फार आवडलं.

बाबा, वीर धरणाच्या कॉलनीत रविवारी कणकेच्या गोळ्या घेऊन तुम्ही निघायचात. आईच्या कपाळाला आठी आणि तुमची शीळ! बदली झाली आणि ते सुटलं. तुमचा गळ अजून माळ्यावर आहे, परवा झाडताना सापडला. तिकडे तुम्हाला बोलायला कोणी नाही, ही खरी अडचण आहे ना? पुलावर इंग्रजी फारसं लागत नाही. दुसऱ्याच्या बादलीत डोकावायचं, की समोरचा आपणहून सुरू होतो.

एक खर्च आहे, लपवत नाही. बघायला फुकट, पण गळ टाकायचा तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. दहा दिवसांचंही मिळतं. तुमचं मी काढायला सांगितलंय, आता त्याचे रुपये करू नका.

वादळाचे दिवस आहेत, तेव्हा अंदाज बघूनच निघा. समुद्र खवळला की तिथला १२ नंबरचा रस्ता वाळूने आणि पाण्याने बंद होतो. अलीकडच्या काठावर फिशिंग सेंटर आहे, तिथे आईला बाथरूमला थांबवा. पुलावर टपरी नाही, तेव्हा थालीपीठं आणि घडीच्या खुर्च्या सोबत घ्या. आई, छत्री नेऊ नकोस, वाऱ्यात उलटी होते. कानाला रुमाल बांध. दादा मधल्या वारी सुट्टी टाकणार आहे, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
धाकटी