आंबील ओढ्याची गायिका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मागे काय लावलंयस? रडतेय का ती बाई?" मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना.

रडत नाहीये हो बाबा, तो अमेरिकेतल्या अलाबामाचा हेल आहे. केटी क्रचफील्ड तिचं नाव, पण गाते 'वॅक्साहॅची' म्हणून. ते तिकडच्या एका ओढ्याचं नाव, तिच्या आईवडिलांचं त्याच्या काठी घर आहे. उद्या मी 'आंबील ओढा' नावानं गायला उभी राहिले तर तुम्ही काय म्हणाल ते ऐकू येतंय मला.

लहानपणी ती आईबरोबर कंट्री, म्हणजे तिकडची गावाकडच्या ढंगाची गाणी ऐकायची. मोठी झाल्यावर ती सगळी बाजूला सारली आणि जुळ्या बहिणीबरोबर पंक, म्हणजे धांगडधिंगा रॉकचा बँड काढला. 2012 चा 'अमेरिकन वीकेंड' हा अल्बम मात्र एकटीनं, आईवडिलांच्याच घरी, आठवडाभरात रेकॉर्ड केला. इतका खरखरतो की बाबा टेप खराब आहे म्हणतील. 2017 पर्यंत गिटारींचा नुसता दणदणाट. 2018 मध्ये तिनं दारू सोडली, आणि 2020 मध्ये आला 'सेंट क्लाउड' हा अल्बम, वडिलांच्या फ्लोरिडातल्या गावाच्या नावाचा. दणदणाट ओसरला, शब्द पुढे आले, आणि इतकी वर्षं आवरून धरलेला हेल मोकळा सुटला. 2024 च्या 'टायगर्स ब्लड'ला ग्रॅमीचं नामांकनही होतं. मला विचाराल तर 'सेंट क्लाउड'च सरस.

आई, तो ऐकताना मला तुझा भोंडला आठवतो. पाटावर खडूनं काढलेला हत्ती, पार्किंगमध्ये फेर धरलेल्या तुम्ही सगळ्या, आणि मी वर दार लावून, कानात हेडफोन खुपसून बसलेली. तू हाका मारायचीस. मैत्रिणींनी बघितलं तर, म्हणून मी खाली आले नाही. सलग तीन वर्षं. खिरापत तेवढी वर मागवून घ्यायचे.

परवा भांडी घासताना तुझंच एक गाणं तोंडात आलं. तिसऱ्या कडव्याला अडले. तिथे तूसुद्धा "हुं हुं हुं" करून पुढे जायचीस, त्यामुळे मला ती ओळ कधी कळलीच नाही. मावशीला विचार ना.

आणि सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड करून पाठव. बाबा, फोन तुम्ही धरा, पण मध्ये "झालं का?" विचारू नका. कुकरची शिट्टी आली तर येऊ दे.

तुमची,
धाकटी