केळीचं साल घासा म्हणणाऱ्या तुमच्या सिनियरबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : दात पांढरे करायचा निळ्या दिव्याचा किट, किंमत 2,499 रुपये, पैसे परत मिळण्याबाबत (पाचव्यांदा)

महोदय,

आज दुपारी 3 वाजून 10 मिनिटांनी तुमच्या सिनियर माणसानं फोन ठेवला. मी नाही, त्यानं ठेवला. लगेच हे लिहायला बसलोय. चहाही घेतला नाही. तसाही चहा बंदच आहे, कारण गरम घोट गेला की समोरच्या दातांतून कळ थेट डोक्यात जाते. ती तुमच्याच किटची देणगी.

किटमध्ये काय असतं ते तुम्ही विकता म्हणजे तुम्हाला ठाऊक असणारच. रबराचा एकाच मापाचा साचा, त्याला दिवा, जेलच्या तीन ट्यूबा आणि दातांच्या रंगांची कागदी पट्टी. पार्सल मे महिन्यात सावद्याला आलं. त्याआधी ते चार दिवस भुसावळच्या गोदामात पडून होतं, तुमच्याच ट्रॅकिंगवर तसं दिसतं. भुसावळचा मे तुमच्या ऑफिसात कुणी पाहिलेला नसेल. पारा पंचेचाळिशीला जातो, पत्र्याच्या गोदामात आत काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. डब्यावर मात्र तुम्हीच छापलंय, ‘थंड जागी ठेवा’. डबा उघडला तर एका ट्यूबचं टोपण उडालेलं आणि जेल पट्टीवर सांडून वाळलेलं. जेलमधलं पेरॉक्साइड, म्हणजे दात पांढरे करणारं रसायन, उष्णतेनं फुटतं, त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, हे दहावीच्या पोरालाही माहीत असतं. ही माझी पहिली तक्रार. पहिल्या फोनवर तुमच्या कॉल सेंटरच्या मुलीनं ती लिहून घेतली, दुसऱ्या फोनवरच्या मुलीला ती सापडली नाही.

उरलेल्या दोन ट्यूबा वापरल्या, कारण पोरीचा साखरपुडा दहा दिवसांवर होता. सांगितल्याप्रमाणं साचा दातांत धरला, दिवा लावला, वीस मिनिटं बसलो. पहिल्या दिवशी आरशात दात खरंच उजळ दिसले. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होते तिथंच. पांढऱ्या झाल्या होत्या त्या हिरड्या. दातांच्या वरची कड पांढरीफटक, जीभ लागली तरी झोंबायची. बायको म्हणाली, “अहो, सांगायला चुकलात का? दात पांढरे करायचे होते ना?”

आणि चौथ्या दिवसापासून दात पांढरे झाले, पण नुसते ठिपके ठिपके. कडेला पांढरे, मध्ये पिवळे. त्यातही माझा समोरचा एक दात कॅपचा आहे. अकरा वर्षांपूर्वी केळीच्या ट्रॉलीवरून पडलो होतो, तेव्हाची सिरॅमिक कॅप. तेव्हाच्या दातांच्या रंगाला जुळवून बसवलेली. ती तुमच्या जेलनं कशी पांढरी होईल? पेरॉक्साइड दाताच्या आतला रंग फिका करतं, चिनी मातीचा नाही. आता आजूबाजूचे उजळले आणि तो एकटा मध्ये पिवळा, पांढऱ्या गाईंच्या कळपात तांबडा गोऱ्हा असावा तसा. आधी सगळे सारखे होते, कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. डब्यावर चार भाषांत ‘दहा दिवसांत मोत्यांसारखे’ आहे, पण ‘कॅप, फिलिंग, कृत्रिम दात पांढरे होत नाहीत’ ही एक ओळ एका भाषेतही नाही. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी तोंड मिटून उभा आहे. मुलाकडचे विचारत होते, व्याही नाराज आहेत का.

आता आजचा फोन. हे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कंपनीची रेकॉर्डिंग ‘गुणवत्तेसाठी’ असते म्हणतात. ऐकाच.

एक दाबा, तीन दाबा, मराठीसाठी पाच दाबा. पाच दाबलं तर हिंदी. तेरा मिनिटं तुमची धून ऐकली. मग एक मुलगी आली, तिला पुन्हा सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “सर, दिवा चार्ज केला होता का?” मी म्हटलं, दिव्याची तक्रार नाही, हिरड्या भाजल्यात. ती म्हणाली, “सर, दिव्यानं हिरड्या भाजत नाहीत.” तेच तर मी म्हणतोय! जेलनं भाजल्या, कारण एका मापाचा साचा माझ्या जबड्याला बसत नाही आणि जेल हिरड्यांवर वाहतं. तिनं ‘सिनियर’ना जोडून दिलं.

सिनियर मात्र छान मराठी बोलत होते, शहरातलं. म्हणाले, “सर, कुठून बोलताय?”

“सावदा.”

“ते कुठे?”

“रावेर तालुका, जळगाव जिल्हा.”

“अच्छा, जळगाव! मग तुमच्याकडे केळी भरपूर.”

म्हटलं, हो, माझा धंदाच तो आहे. तर साहेब एकदम खुशीत आले. “मग सर, तुम्ही असं करा. केळीच्या सालीची आतली बाजू रोज दोन मिनिटं दातांवर घासा. नॅचरल आहे, पोटॅशियम असतं. साइड इफेक्ट नाही.”

मी दोन क्षण गप्प बसलो. मग विचारलं, “मग तुमचे अडीच हजार कशाचे?”

“सर, किट सपोर्टिव्ह आहे.”

“सालीला सपोर्ट करायला?”

यावर ते हसले. साहेब, ते हसले! आणि म्हणाले, “सर, काही लोकांच्या दातांचा मूळ रंगच तसा असतो. तुमच्या भागात तंबाखू वगैरे...” पुढचं मी ऐकलं नाही. माझं वय 53, मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. मी आवाज चढवला हे कबूल करतो. त्यांनी फोन ठेवला.

आता सालीबद्दल. मी तीस वर्षं केळी कापतो, तोलतो, गाडीत भरतो. केळीचा चीक शर्टावर पडला की आधी दिसत नाही, वाळला की तांबूस काळा होतो, आणि मग शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. आमच्या घरी कापणीचे शर्ट वेगळ्या खुंटीवर असतात, बायको ते बाकीच्या कपड्यांत कालवू देत नाही. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालंय. कोणत्याही केळीवाल्याचे हात पाहा, नखांच्या कडा बाराही महिने काळ्या. साल घासून काही पांढरं होत असतं तर आमच्या बागेतल्या मजुरांचे हात संगमरवरी दिसले असते. आणि हे मला, सावद्याच्या माणसाला, ज्या जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तिथल्या माणसाला, तुमच्या वातानुकूलित खोलीतून सांगितलं जातं!

बरं, मी नुसता तक्रारखोर नाही. तुमच्या किटआधी आणि नंतर जे जे करून पाहिलं आणि भुसावळच्या दातांच्या डॉक्टरकडून जे कळलं, ते सांगतो. तुमच्या माहितीपत्रकात नाही म्हणून.

आमची आजी राखुंडी लावायची. हल्ली तीच कोळशाची पूड काळ्या डबीत तीनशे रुपयांना मिळते. घासल्यावर वरचे डाग जातात खरे, पण त्याबरोबर दातावरचं कवचही झिजतं, आणि ते पुन्हा येत नाही. त्याखालचा थर मुळात पिवळसर, म्हणजे जास्त घासाल तर दात उलट पिवळे. लिंबू आणि खायचा सोडा माझ्या साडूनं केला होता. लिंबाचं आम्ल कवच विरघळवतं आणि वरून घासलं की दुप्पट नुकसान. पांढऱ्या करणाऱ्या टूथपेस्टांमध्ये काहींत निळसर रंग असतो, तो दातावर बसतो आणि पिवळेपणा डोळ्याला कमी दिसतो. आई शर्टाला नीळ घालायची तोच प्रकार. निदान त्यात नुकसान नाही.

डॉक्टरनं आधी तोंड उघडून पाच मिनिटं नुसतं पाहिलं. हे तुमच्या किटमध्ये नाही. विचारलं, डाग वरचे की आतले? चहाचे, पानाचे वरचे. लहानपणी टेट्रासायक्लिन हे औषध घेतल्याचे किंवा पाण्यातल्या फ्लोराइडचे आतले, त्यांना वेगळं लागतं. माझे बरेचसे चहाचे निघाले. आधी दातांची सफाई केली, आठशे रुपयांत. आमच्या गावात समज आहे की सफाई केली की दात ढिले होतात. तसं काही होत नाही, फक्त दगडासारखा थर निघतो. आठशे रुपयांत जे उजळलं ते तुमच्या अडीच हजारांत उजळलं नाही.

पुढं पांढरे करायचे तर डॉक्टर म्हणाले दोन वाटा. खुर्चीत बसवून 25 ते 40 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावून. नाहीतर दातांचा साचा घेऊन माझ्याच मापाचा पातळ ट्रे, त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्री लावून झोपायचं, दोन-तीन आठवडे. त्यातून मिळतं ते साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ही पद्धत अमेरिकेतल्या दोन दंतवैद्यांनी 1989 मध्ये मांडली आणि आजही सगळ्यात भरवशाची ती हीच. काम जेल करतं, दिवा नाही, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशीचा पांढरेपणा म्हणजे दात सुकलेले असतात, तोंडातलं पाणी पुन्हा मुरलं की तो जातो. मला ते कळलं तेव्हा तुमच्या जाहिरातीतला ‘आधी’ आणि ‘नंतर’ फोटो आठवला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टर म्हणाले, कॅप असेल तर आधी सांगा, म्हणजे पांढरे केल्यावर कॅप बदलायची की नाही ते ठरवू. एक वाक्य. तुम्हाला डब्यावर ते छापायला जागा नव्हती.

तुमच्या जेलमध्ये कार्बामाइड पेरॉक्साइड आहे असं मागं बारीक अक्षरात आहे, पण किती टक्के ते कुठंच नाही. मी तिसऱ्या फोनवर विचारलं तर उत्तर आलं, “सर, ते फॉर्म्युल्यात येतं.” युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याच्या वर, 6 टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड दंतवैद्यामार्फतच मिळतं, दुकानात नाही. आणि माझ्याकडं टक्का विचारला की फॉर्म्युला!

आमच्या धंद्यात गाडी दिल्लीला पोचेपर्यंत माल पिकून काळा पडला तर व्यापारी कटती लावतो, म्हणजे पैसे कापतो, आणि आम्ही निमूट घेतो, कारण माल आमचा. तिथं कुणी आम्हाला म्हणत नाही की ‘दिल्लीकरांच्या डोळ्यांचा मूळ रंगच तसा’. तुमचा माल माझ्यापर्यंत खराब पोचला आणि तुम्ही कटती माझ्या तोंडावर लावलीत.

पैसे हवेतच: 2,499 किटचे आणि डॉक्टरांच्या तपासणीचे 300. सफाईचे मागत नाही, ती मला लागणारच होती. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणं तुमच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. माझी पहिली तक्रार आहे 39 दिवसांपूर्वीची. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवेन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथंच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मला मुंबईला चकरा मारायला लावाल हा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. तुमचा वकील मात्र मे महिन्यात जळगावला येईल, तेव्हा त्याला पाणी जवळ ठेवायला सांगा.

आणि एक लिहून द्या. केळीच्या सालीचा सल्ला कंपनीचा होता की त्या माणसाचा स्वतःचा. कंपनीचा असेल तर डब्यावर छापा. निदान आमची साल तरी विकली जाईल.

आपला ग्राहक (होता),
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

ता. क. : किट परत न्यायला कुरिअरवाला पाठवणार असाल तर सकाळी 10 नंतर पाठवा. त्याआधी मी कापणीवर असतो. फुटलेली ट्यूब पिशवी बांधून फ्रिजमध्ये ठेवलीय. थंड जागी.