आगर पुन्हा उभं करणाऱ्या वर्गमित्राला

प्रिय मित्रा,

नाव छापायचं नाही ही तुझी अट मी पाळतोय. पत्र मात्र उघडंच लिहिणार, कारण 1996 साली दापोलीच्या ॲग्री कॉलेजातून आपल्याबरोबर बाहेर पडलेल्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं. निसर्ग वादळानंतर आमचं आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, पुन्हा उभं राहिलं ते तुझ्यामुळे. फोनवर आभार मानायला गेलो की तू विषय बदलतोस, म्हणून लिहून काढतोय.

3 जून 2020 ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर चढलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे आमच्या केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यालाही त्याने सोडलं नाही. आजोबांनी लावलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एका दुपारीत मोडल्या. नारळ मुळासकट आडवे, हापूसची जुनी कलमं एका कुशीवर. वीज गेली, टॉवर पडले, त्यात लॉकडाऊन. मुंबईचे चुलतभाऊ गावी येऊ शकत नव्हते. आई पडवीत बसून राहिली होती, आणि मला कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं.

तू तिकडे वाशीमला, शाळेत विज्ञान शिकवणारा. माझा फोन लागेना तेव्हा तू आपल्या पोलिसातल्या दोस्ताला गाठलंस, त्याने इथल्या ठाण्यात निरोप दिला, आणि एक हवालदार झाडं ओलांडत आमच्या दारात आला. "तुमच्या मित्रांनी विचारलंय, माणसं बरी आहेत ना?" वादळानंतर बाहेरून आलेली ती पहिली चौकशी. आईला तेव्हा रडू फुटलं.

आपल्या बॅचबद्दल लोक काय बोलतात ते तू ऐकलं आहेस. शेतकी शिकले आणि भलतीकडेच गेले. कोणी पोलिसात, कोणी बँकेत, कोणी महसुलात, कोणी औषध कंपनीत, तू शाळेत. सरकारचा पैसा आणि आईबापांचे कष्ट वाया गेले म्हणे. हे बोलणाऱ्यांना मी आता आमच्या आगरात आणून उभं करतो. कोण कुठे आहे आणि कोणाला काय येतं याचा हिशेब तू इतकी वर्षं ठेवलास. आधी आंतरदेशीय पत्रांवर, मग डायरीत, मग मोबाइलमध्ये. त्या जूनमध्ये तो सगळा हिशेब तू माझ्यासाठी उघडलास.

कासरगोडला नारळ-सुपारीच्या संशोधन संस्थेत शिकून आलेल्या आपल्या मित्राचा फोन तू पहिल्यांदा जोडून दिलास. त्याने सांगितलेलं मी शब्द न् शब्द पाळलं. पोफळीला फांदी नसते, शेंड्यातला कोंब मोडला की झाड संपलं, तिथे जीव अडकवू नकोस. ज्यांचा कोंब शाबूत आहे त्यांना आधी वाचव. शेजारची झाडं गेल्याने उरलेल्या खोडांवर थेट ऊन येणार आणि साल भाजणार, म्हणून पाऊस सरायच्या आत दक्षिण-पश्चिमेच्या बाजूने त्यांना झावळ्या आणि विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) बांध. नारळाच्या शेंड्यात पाणी साचून कोंब कुजेल, तिथे एक टक्का बोर्डो, हे बुरशीनाशक मिश्रण. म्हणजे शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. कॉलेजात प्रात्यक्षिकाला आपण हेच मिश्रण ढवळलं होतं, पण तेव्हा मार्कांपलीकडे त्याला अर्थ नव्हता.

कलमांचं वेगळं होतं. गावात सगळे कुऱ्हाडी घेऊन निघाले होते, कारण पडलेलं झाड म्हणजे लाकूड. औषध कंपनीतल्या मित्राने व्हिडिओवर एकेक झाड पाहिलं आणि म्हणाला, एका बाजूची मुळं जमिनीत आहेत ना, मग तोडू नका. फांद्यांचा भार उतरवा, चेन पुलीने हळूहळू उभं करा, माती भरा, टेकू द्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. सगळी जगली नाहीत. जी जगली त्यांना पुढे मोहर आला, आणि त्यातली पहिली पेटी कोणाच्या घरी गेली हे तुला ठाऊक आहे.

पंचनाम्याचं मी थोडक्यात लिहितो, त्याचा त्रास अजून आठवतो. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सामाईक नावं, क्षेत्र गुंठ्यांत, आणि मदत हेक्टरी. महसुलातल्या मैत्रिणीने ड्युटी संपल्यावर रात्री बसून संमतीपत्रांचा मसुदा करून दिला आणि कुठला कागद कोणत्या टेबलावर जातो ते समजावलं. तिच्याशिवाय ते जमलं नसतं.

आणि लांज्याची नर्सरी! आपल्यातला सगळ्यात अबोल मुलगा, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. त्याने टेम्पोभर रोपं पाठवली, श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं आणि जायफळाची कलमं. जायफळ बीपासून लावलं तर नर की मादी हे फुलल्यावरच कळतं आणि सहा-सात वर्षं फुकट जातात, म्हणून कलमंच लाव, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. आधी केळी घाल, सावली तयार होऊ दे, मग जायफळ. पैसे विचारले तर म्हणाला, ते वाशीमच्या मास्तरांना विचार.

ते पैसे तू कोणाकोणाकडून जमवलेस हे अजून सांगितलेलं नाहीस. सांगूही नकोस. पण तुझ्या पगारात मुलीची फी भागवतानाची ओढाताण मला माहीत आहे, आणि त्यातूनही तू दिलेस हे वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलंय.

सुपारीला फळ यायला आणखी अवकाश आहे. केळी झाली, जायफळं कमरेच्या वर गेली. रावेच्या, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घेण्याच्या, वर्षी आपण ज्या गावात राहिलो तिथल्या दोघा शेतकऱ्यांना मी यातली कलमं दिली, तुला न विचारता.

तुझ्या यादीत दोघांच्या नावापुढे अजून जागा कोरी आहे, एक गडचिरोलीकडचा आणि एक पालघरचा. पालघरच्या घरचा पत्ता मला कॉलेजच्या जुन्या कागदांत मिळालाय. पावसाआधी मी जाऊन येतो. गडचिरोलीचं तू बघ.

तुझा,
केळशीकर